तुटलेलं धुऊ नका

आधी एक विनंती करते, बाकीचं मग. तुमच्या घरात, शेतात, दुकानात लोखंडाचं काही तुटलं, तर ते धुऊ नका. रॉकेलनं पुसू नका, वाळूनं घासू नका, आणि दोन तुकडे एकमेकांवर दाबून "पाहा कसे फिट्ट बसतात" हे शेजाऱ्याला दाखवत बसू नका. जसं तुटलं तसंच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळा आणि माझ्याकडे घेऊन या. ही विनंती मी कित्येक वर्षांपासून करून राहिले आहे, आणि लोक कित्येक वर्षांपासून मला चकचकीत घासलेले तुकडे आणून देत आहेत. कोणाच्या घरी मळकी वस्तू घेऊन कसं जायचं, असा आमच्याकडच्या माणसांचा विचार असतो. त्यांच्या या सभ्यपणापायी माझा अर्धा पुरावा मोरीतून वाहून जातो.

मी धातूंची इंजिनिअर. नागपूरला शिकले, लग्न होऊन सौसरला आले आणि बोरगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागले. आलेला माल बरोबर आहे का ते पाहायचं, आणि तुटलेला माल का तुटला ते सांगायचं, एवढंच काम. पहिल्या कामात माझं मन कधी फारसं रमलं नाही. चांगला माल गप्प असतो, त्याला विचारायचं तरी काय? दुसऱ्या कामासाठी मात्र मी डबा अर्धा टाकून उठायची. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं बाजूला काढलेला मायक्रोस्कोप आणि कडकपणा मोजायचं यंत्र मी हट्टानं मागून घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. आमचे हे शाळेत मास्तर होते. त्यांना वाटलं होतं, त्या खोलीत आता सोफा येईल. सोफा आजतागायत आलेला नाही, आणि येणारे-जाणारे तुटक्या पंपाशेजारी खुर्ची ओढून चहा घेतात.

गावात मला "तुटक्या मालाची मॅडम" म्हणतात. काय काय घेऊन येतात म्हणून सांगू! एकदा एक आजीबाई लोखंडी कपाटाची तुटलेली बिजागरी पदराच्या गाठीत बांधून आल्या. का तुटली हे त्यांना विचारायचंच नव्हतं. कोणत्या सुनेनं तोडली तेवढं सांगा, म्हणाल्या. मी भिंग लावून पाहिलं. ती बिजागरी कोणी एका दिवसात तोडलेली नव्हती, रोज थोडी थोडी तुटत आली होती. मी म्हटलं, आजी, हिच्यात दोन्ही सुनांचा हात आहे, आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना, म्हणजे तुमचाही. आजीबाई उठल्या, बिजागरी परत गाठीत बांधली आणि जाताना मला काहीच समजत नाही असं आमच्या ह्यांना सांगून गेल्या.

आता हे मी कशावरून ओळखलं, ते सांगते. काही अवघड नाही. लोखंड दोन तऱ्हांनी तुटतं. एक म्हणजे एका झटक्यात. भरलेली ट्रॉली खड्ड्यात आदळली, पिन गेली. अशी तुटलेली जागा गुळाची ढेप फोडल्यासारखी खडबडीत दिसते. दुसरी तऱ्हा हळूहळूची. तार हातानं तुटत नाही, पण तीच तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते, तसं. याला आम्ही थकवा म्हणतो. लोखंड थकते काय जी, असं म्हणून लोक हसतात. थकतं बापा. एके ठिकाणी बारीक चीर पडते, ती रोज केसाएवढी आत सरकते, आणि जिथपर्यंत आली तिथं कधी कधी रेघ सोडून जाते. शिंपल्यावर असतात तशा त्या रेघा. त्या रेघा उलट्या धरत गेलं की चीर जिथून निघाली त्या बिंदूवर आपण पोचतो. माझी सगळी विद्या त्या बिंदूशी जाऊन थांबते.

आणि चीर निघते ती बहुतेक वेळा वरूनच, कुठल्या तरी ओरखड्यातून, कोपऱ्यातून. कापड दुकानात पाहा. दुकानदार मीटरभर कापड मोजतो, काठाला कात्रीनं जरासं कापतो आणि टर्रकन फाडतो. ती एवढीशी कात्री लागली नाही, तर तेच कापड दोन पैलवानांना फाटणार नाही. लोखंडाचंही तेच. म्हणून तुटका तुकडा हातात आला की मी एकच शोधते, याला कात्री कुठं लागली.

राजूचा शाफ्ट माझ्याकडे आला तो मागच्या कापसाच्या हंगामात. राजूचं पांढुर्ण्याला तिगाव रोडवर लेथचं, म्हणजे लोखंड कातून द्यायचं, दुकान आहे. दुकान त्याच्या वडिलांनी उभं केलं. वडिलांना सगळा गाव बाबाजी म्हणतो. त्यांचे हात आता थरथरतात, लेथवर राजू बसतो, पण बाबाजी रोज येऊन दुकानात बसतात. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढायची यंत्रं आहेत. त्यांच्या रोलरचे शाफ्ट, म्हणजे ज्याच्यावर रोलर फिरतो तो लांब लोखंडी दांडा, बाबाजींच्या काळापासून याच दुकानातून जातात. जिनिंगचे मालक किशोरसेठ आणि बाबाजी यांचं इतक्या वर्षांत कधी वाकडं आलं नव्हतं.

त्या हंगामात आलं. नवे शाफ्ट बसवले आणि ते तुटायला लागले. पहिला तुटला तो जिनच्या फिटरनं ग्राइंडर मारून गुळगुळीत केला, मला दाखवायचा होता म्हणून. दुसरा तुटला तो त्यानं वेल्डिंग करून परत बसवला. तिसरा तुटला तेव्हा मी राजूला फोनवरच दम दिला होता, हात लावशील तर याद राख. तो बिचारा तुकडा बाळासारखा गुंडाळून, वाटेत जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून माझ्या दारात आला. आधी प्रसाद दिला, मग शाफ्ट.

किशोरसेठनं भर जिनमध्ये मजुरांसमोर राजूला म्हटलं होतं की तू भंगाराचं लोखंड घालून राहिला. आता आणखी एक तुटला तर सगळं काम नागपूरला, आणि का गेलं ते मी साऱ्या पांढुर्ण्याला सांगेन, असंही म्हटलं होतं. राजूचे डोळे भरून आले होते. काम गेल्याचं त्याला तेवढं नव्हतं. "मॅडम, बाबाच्या नावावर दुकान आहे जी," तो म्हणाला. "भंगारवाले म्हणून नाव निघालं त बाबा रस्त्यानं चालतील कसे?"

मी आधी कडकपणा मोजला. बरोबर. एक बारीक काप घेतला, आरशासारखा घासला, स्पिरिटात थेंबभर ॲसिड घालून त्यावर फिरवलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला. माल एक नंबर होता. राजूला तसं सांगितलं तर त्यानं तिथल्या तिथं माझ्या पाया पडायची तयारी केली. मी म्हटलं, थांब, माल चांगला आहे, पण तुटला तर आहेच ना? तो कशानं?

तुटलेल्या तोंडावर शिंपल्याच्या रेघा सुरेख उमटल्या होत्या. अशा रेघा पाहिल्या की मला अजून आनंद होतो, काय करू, स्वभाव आहे. रेघा धरत उलटी गेले. त्या रेघा पट्ट्याच्या पुलीजवळ, शाफ्टच्या अंगावरच्या एका बिंदूशी जाऊन थांबल्या. तिथं ॲसिड लावलं, तर पांढुरका अर्धा चंद्र दिसायला लागला. हे काय असतं ते मला माहीत होतं. वेल्डिंगची कांडी ज्यात धरतात त्या होल्डरचा ठिपका. तेवढी जागा वितळण्याइतकी तापते आणि आजूबाजूचं थंड लोखंड तिची गरमी क्षणात ओढून घेतं, म्हणून ती पापडासारखी कडक होते आणि पापडासारखीच तडकते. आत केसाएवढी चीर पडते, वरून कळतही नाही. पुलीला पट्टा ओढत असतो, शाफ्ट फिरत असतो, म्हणजे ती जागा प्रत्येक फेऱ्याला ताणली जाते, दाबली जाते. पूर्ण शाफ्टवर सगळ्यात जास्त जोर पडतो तो तिथंच, आणि कात्रीही नेमकी तिथंच लागली होती.

मी म्हटलं, राजू, इथं वेल्डिंग कोणी केलं? तो उसळलाच. शाफ्टला होल्डर लावायचा नसतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, दुकानात कोणी लावला तर आपण त्याला उभं करणार नाही, असं शपथेवर सांगायला लागला. खोटं बोलत नव्हता. त्यानं एक नवा, न बसवलेला शाफ्टही सोबत आणला होता. मी तो पाहिला. पुलीच्या बाजूला, अगदी त्याच जागी लाल रंगाचा एक गोल ठिपका होता. रंग खरवडला. खाली कानशीनं घासून सपाट केलेला वेल्डिंगचा डाग, तेवढाच गोल. त्या आकाराकडे पाहता पाहता माझा हात आपोआप माझ्या कपाळाकडे गेला. मी रोज सकाळी आरशासमोर लावते, तेवढीच ती होती.

"राजू," मी विचारलं, "शाफ्टला टिकली कोण लावतं रे?"

राजूला लगेच कळलं, आणि त्यानं सांगितलं. दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक शाफ्टची बाबाजी पूजा करतात. उदबत्ती, दोन फुलं आणि कुंकवाचं बोट. पहिल्यापासूनची रीत आहे. मागच्या दसऱ्यापासून ते कुंकवाऐवजी लाल रंगाची टिकली लावत होते, हे राजूला माहीत होतं. रंगाखाली काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. दुकानात दिवसभर कुठं ना कुठं वेल्डिंग चालूच असतं, एका ठिपक्याकडे कोण पाहणार?

मग तो म्हणाला, "मॅडम, तुमी माल खराब होता असंच सांगून द्या. मी भंगारवाला होतो. पण बाबाले हे कळलं त ते जेवण सोडतील."

आमच्या धंद्याचं मला एवढंच आवडत नाही. कारण सापडलं की आपण खूश होतो, आणि त्याच वेळी समोर कोणाचा तरी चेहरा पडतो. मी राजूला म्हटलं, माल खराब सांगितला तर ज्यानं तुला लोखंड विकलं तो बिचारा बिनकामाचा मरेल. आणि दुसरं सांग, टिकली लावलेले किती शाफ्ट या घडीला जिनमध्ये फिरून राहिले? त्यांच्याजवळ माणसं उभी आहेत का नाही? राजूनं गाडीची किल्ली उचलली. आमच्या ह्यांना मी ओट्यावरूनच ओरडून सांगितलं की दुधाखालचा गॅस बंद करा, आणि आम्ही पांढुर्ण्याला निघालो.

वाटेत बाबाजींना घेतलं. जिनमध्ये पोचलो तर किशोरसेठ वाटच पाहत होते. भंगार निघालं ना मॅडम, हा त्यांचा पहिला प्रश्न. माल एक नंबर आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी आधी ते ठिपकेवाले शाफ्ट थांबवायला लावले. भर हंगामात यंत्रं थांबवा म्हणणं म्हणजे सेठच्या पोटावर पाय देणं. ते चिडले, बडबडले, पण थांबवली. मग त्यांच्या खांद्यावरचा गमछा मागितला. म्हटलं, फाडून दाखवा. त्यांनी जोर लावला, फिटरनं लावला, गमछा काही फाटेना. मी काठाला कात्री लावली आणि माझ्या या हातांनी तो टर्रकन फाडला. सेठना म्हटलं, तुमच्या शाफ्टला अशी कात्री लागली आहे, इथं. आणि तुकड्यावर बोट ठेवलं. कात्री कोणाची, हे माझ्या तोंडून निघेना.

बाबाजी उठले. चष्मा धोतरानं पुसला, तुकडा नाकाशी नेऊन पाहिला. 

"हे त माह्या टिकलीची जागा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्या लावली जी. होल्डरनं ठिपका देला, कानशीनं घासला, वरून रंग. राजूले मालूम नाही. त्याले काई म्हनू नका."

जिन थांबलेलं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. राजूनं मान खाली घातली. किशोरसेठनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"बाबाजी," सेठ एकदम हळू आवाजात म्हणाले, "मागच्या दसऱ्याले पूजेच्या वक्ताला मी काय म्हटलं होतं तुमाले?"

"मले नाही आठवत जी," बाबाजी म्हणाले. त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते स्वच्छ दिसत होतं.

"मले आठवते. मी म्हटलं, बाबाजी, तुमचं कुंकू दोन दिवसात तेलानं पुसून जाते, काही पक्कं लावत जा." सेठ तिथंच कापसाच्या गाठीवर बसले. "आता कोनाले भंगारवाला म्हनू?"

मला त्या बिजागरीवाल्या आजीबाई आठवल्या.  सेठनं राजूला जवळ बोलावलं आणि ज्या मजुरांसमोर त्याला बोलले होते त्यांच्याच समोर म्हणाले, "माल चांगला आहे याचा. चूक माही आहे." ठिपकेवाले सगळे शाफ्ट उतरवले. राजूनं नवे करून दिले, आणि त्यांतला एकही तुटला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. काही दिवसांनी राजूचा फोन आला. बाबा दुकानात येऊनच नाही राहिले, अंगणात खाट टाकून भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि पूजा नाही म्हणून शाफ्ट न्यायला सेठचा माणूस का-कू करून राहिला. मी गेले. बाबाजींनी मला पाहिलं आणि उठून बसले.

"आता कोन्या यंत्राले माहा हात नको लागाले बाई," ते म्हणाले. "आशीर्वाद द्याले गेलो अन् त्याचंच मोडलं."

मी त्यांच्या सुनेकडून लाटणं मागून घेतलं. खाटेवर बसून ते दोन्ही टोकांना धरलं आणि वाकवल्यासारखं केलं. म्हटलं, बाबाजी, जोर कुठं पडतो? पोटावर. अंगावर कुठंही कमीजास्त पडतो. आता हे टोकाचं चपटं तोंड पाहा. इथं काय पडतं? काही नाही. शाफ्ट हजार वर्षं फिरला तरी या तोंडाला त्याचा पत्ता लागत नाही. हा झाला शाफ्टचा माथा. आपण माणसाला कुंकू कुठं लावतो, माथ्यावर ना? पोटावर लावलेलं मी तर नाही पाहिलं.

बाबाजींनी लाटणं हातात घेतलं, टोकाला बोट लावून पाहिलं आणि हसले. सून दारातून डोकावली, कारण ते बऱ्याच दिवसांनी हसत होते. मग त्यांना शंका आली. होल्डर बंद म्हणजे कुंकूच लावायचं, आणि कुंकू तर तेलानं पुसणार. मी म्हटलं, पुसू द्या. पुसलं की परत लावायला जा. सेठ चहा पाजतील, तुमचं फिरणं होईल. एक अट मात्र घातली, की होल्डर घरातल्या कोणत्याही देवाच्या कामाला घ्यायचा नाही.

परवा दसऱ्याला किशोरसेठनं आम्हा दोघांना जिनमध्ये बोलावलं होतं. हंगामाआधीची पूजा. रोलर बाहेर काढून ओळीनं ठेवले होते, प्रत्येक शाफ्टचा माथा पुसून लख्ख. बाबाजी एकेकापाशी वाकत होते, थरथरत्या बोटानं कुंकू लावत होते, आणि कुंकवाचं ताट धरून त्यांच्या मागून कोण चाललं होतं, तर किशोरसेठ. यंत्रं झाली, मग माणसं. फिटर, मजूर बाया, राजू. शेवटी बाबाजी माझ्यापाशी आले. अंगठा कुंकवात बुडवला, माझ्या कपाळापर्यंत आणला आणि तिथंच थांबवला.

"मॅडम, एक डाव इचारून घेतो," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "इथं काई जोर-गिर त नाही ना पडत?"

सगळं जिन हसलं. सगळ्यात मोठ्यानं आमचे मास्तर हसले, त्यांचा हिशेब मी नंतर केला. मी म्हटलं, अजिबात नाही बाबाजी, बिनधास्त लावा. त्यांनी लावलं. हात हलला, आणि कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. त्यांनी ते पाहिलं, थोडे ओशाळले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. त्या हाताखाली मला माझे वडील आठवले, आणि मी खाली मान घालून उभी राहिले.

घरी आल्यावर हे म्हणाले, केवढं वाकडं लागलंय ते, जा, धुऊन ये. मी म्हटलं, इतकी वर्षं मी लोकांना काय सांगून राहिले? धुऊ नका.